दशरथबाची रस्त्याकडची बांधी

करडी गावच्या दशरथबाने कंपनीच्या साहेबाला फसवायला घेतलं, साहेबाने मला फसवलं, आणि माझ्या शब्दावर करडीचीच शेवंताबाई फसली. क्रम हा असा आहे. गावात लोक तो उलटा सांगतात, म्हणजे माझ्यापासून सुरुवात करतात, म्हणून आधीच लिहून टाकलं. यापुढचं कोणी वाचलं नाही तरी माझी तक्रार नाही.

मोहाडीत माझं कृषी केंद्र आहे. आता ते मुलगी आणि जावई बघतात. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि आतल्या व्यवहारात नाक खुपसतो. भंडारा आणि गोंदिया वेगळे झाले त्या सुमारास मला दुकानाचं लायसन मिळालं. त्याआधी सायकलच्या कॅरिअरवर बियाण्याच्या थैल्या बांधून मी बाजार करत होतो. जिल्हा अर्धा झाला तेव्हा सगळे हळहळले. मला मात्र बरं वाटलं, कारण सहीसाठी चकरा मारायच्या त्या कचेरीतली गर्दीही अर्धी झाली.

माझा आवाज मोठा आहे. कंपन्यांची माणसं मोटारसायकल लावण्याआधी कानोसा घेत. आतून ओरडणं ऐकू आलं तर समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायची. हे मी कौतुकाने सांगत नाही. पण मोठ्या आवाजाशिवाय या धंद्यात माणसाला भाव करता येत नाही, आणि भाव करण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी झाला नाही. हे मात्र कौतुकानेच सांगतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कृषी केंद्रात लोक खत घ्यायला येतात. लोक पान घेऊन येतात. धोतराच्या सोग्यात, पदराच्या टोकाला, शर्टाच्या खिशात धानाचं एक पान असतं. ते काउंटरवर ठेवतात आणि काही न बोलता आपल्या तोंडाकडे बघतात. पान खालचं आहे की वरचं, टोकाकडून पिवळं झालंय की कडेने, ठिपका आहे की रेघ आहे, हे बघून आपण सांगायचं. पिशवी, बाटली, चुंगडी म्हणजे पोतं, हे सगळं त्याच्या मागून. म्हणजे मी विकत होतो खत, पण लोक घेऊन जात होते माझं सांगणं. शेवंताबाई माझं सायकलवरचं पहिलं गिऱ्हाईक. मी तिला मावशी म्हणतो. ती इतक्या वर्षांत एकदाही दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नाही. नवरा गेल्यावर करडीची सगळी शेती तिने एकटीने ओढली. काउंटरवर पान ठेवायची आणि म्हणायची, "तू सांग सुदाम. तू म्हनशीन ते."

तर अशा दुकानात एका हंगामात नॅनो युरियाच्या बाटल्या आल्या.

ज्यांनी ही बाटली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. युरिया म्हणजे पांढरे मणी. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, पाणी असतं, त्यात ते मुठीने फेकायचे. रोवणा, म्हणजे लावणी, झाल्यावर एकदा, फुटवे धरताना एकदा, आणि लोंबी पोटात असताना, म्हणजे पोटरीत, एकदा. त्यातलं बरंचसं पाण्यासोबत खाली जातं, थोडं हवेत उडतं, उरलेलं मुळांना मिळतं. नॅनोवाले म्हणतात, हा अपव्यय कशाला? खताचे कण इतके बारीक करू की डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत. साखरेची पिठी करा, त्या पिठीची पुन्हा पिठी करा, आणि हात दुखेपर्यंत करत राहा, तरी तिथवर पोचणार नाही. असे कण पाण्यात मिसळून पानावर फवारले की पान ज्या छिद्रांनी श्वास घेतं त्याच छिद्रांनी ते आत जातात. अर्ध्या लिटरची बाटली एका चुंगडीचं काम करते, असं त्यांचं म्हणणं.

हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. खरं आहे असंही म्हणत नाही. ते ठरवणं शास्त्रज्ञांचं काम आहे, आणि ते अजून आपसात भांडताहेत. माझी तक्रार कणांबद्दल नाही, माणसांबद्दल आहे.

सुरुवातीला गंमतच झाली. नाकाडोंगरीकडचा एक पाहुणा मोहाडीच्या बाजाराला आला, माझ्याकडून बाटली घेऊन गेला आणि काही दिवसांनी तणतणत परत आला.

"हे तुमचं पानी परत घ्या. काहीच फरक नाई."

मी विचारलं, "कसं फवारलं?"

"फवारलं? रेतीत कालवलं आनि बांधीत फेकलं."

मी ओरडलो. तो माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला. "युरियाच म्हनलं न तुमी? युरिया कोनी फवारते का गा? फेकतेतच न?"

दुकानातली सगळी माणसं त्याच्याकडे वळली आणि मान हलवू लागली. आमच्याकडे तणनाशकसुद्धा रेतीत मिसळून उभ्या पाण्यात फेकतात. धानवाल्या माणसाचा हात जन्मल्यापासून फेकायला शिकलेला आहे. त्या हाताला बाटली देऊन तुम्ही नाव युरिया ठेवता, तर तो काय करील? मी त्याला दुसरी बाटली दिली आणि पंप कसा धरायचा ते दाखवलं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की ही बाटली रानात पोचेपर्यंत ती कंपनीची राहत नाही, फेकणाऱ्या हाताची होते.

त्यानंतर आणखी बाटल्या मांडायला मी तयार नव्हतो. पण आम्हा दुकानदारांची एक अडचण असते. रोवण्याच्या दिवसांत युरियाची मारामार असते, आणि वरून निरोप येतो की चुंगड्या हव्या असतील तर सोबत बाटल्यांची खोकी उचला. कागदावर हे कुठेच नसतं. फक्त तुमची गाडी दुसऱ्याच्या दुकानापुढे रिकामी होते. मी फोनवर इतका ओरडलो की समोरच्या टपरीवाल्याने रेडिओ बंद केला.

मग निखिल साहेब आले. कंपनीचे प्रतिनिधी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. मी आवाज चढवला तरी पाणी पीत शांत बसून राहिले. या माणसाशी भाव करायला मजा येईल असं मला वाटलं, आणि मी भाव केला. बाटल्या घेईन, पण आधी गावात दाखवा. नमुन्याचा प्लॉट करडीला पाहिजे, कारण माझी अर्धी गिऱ्हाइकं तिकडची. प्लॉट रस्त्याला लागून पाहिजे. आणि शेतकरी मी निवडीन.

साहेब म्हणाले, "सुदामभाऊ, इतक्या अटी आम्हाला आजवर कोणी घातल्या नाहीत."

मी खूश झालो. आयुष्यात केलेला सगळ्यात कडक सौदा म्हणून मी तो घरी दोनदा सांगितला.

मी निवडलेला शेतकरी म्हणजे दशरथबा. त्याची बांधी करडीहून मोहाडीला येणाऱ्या रस्त्याला लागून. माणूस कष्टाळू, स्वच्छ, आणि धानाच्या रंगाबद्दल इतका अभिमानी की लोक त्याला मुद्दाम डिवचतात. आमच्याकडे धान काळंशार हिरवं असणं ही पिकापेक्षाही इज्जतीची गोष्ट आहे. रस्त्याने जाणारा माणूस सायकल न थांबवता नुसतं म्हणतो, "काहून गा दशरथबा, धान पिवरं दिसते?" आणि दशरथबाला त्या दिवशी जेवण जात नाही. मी म्हटलं, असाच माणूस पाहिजे. हा बांधीला जपेल.

त्याने जपलीच.

फुटव्यांच्या वेळी साहेबांच्या देखरेखीखाली फवारणी झाली. अर्धं गाव बघायला आलं. दशरथबा नवी टोपी घालून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा, आणि पंपवाल्याला सूचना देतोय, जणू बाटली त्यानेच तयार केली आहे. मग काही दिवसांनी साहेबांचा फोन आला. "भाऊ, येऊन बघा."

मी गेलो. बांधी अशी हिरवी की डोळ्याला गारवा वाटावा. शेजारच्या बांध्या तिच्यापुढे आजारी दिसत होत्या. साहेबांनी फोटो काढले. दशरथबाला मधोमध उभं करून काढले, एकदा टोपी घालून, एकदा काढून. मी दशरथबाच्या पाठीवर थाप मारली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चांगलं दिसते न? बस झालं मंग."

त्याच आठवड्यात विहारापुढच्या मांडवात सभा झाली. साहेब छान बोलले, पण टाळ्या जेमतेम पडल्या. मग त्यांनी माईक माझ्याकडे दिला. "तुमच्या शब्दावर इथले लोक चालतात, भाऊ. दोन शब्द बोला." मी फुगलो. मी म्हटलं, "कंपनीचं मी काही सांगत नाही. दशरथबाची बांधी पाहा आणि मग माझ्याशी बोला."

बायकांतून शेवंताबाई उठली. तिचा रोवणा दशरथबाच्या मागून झाला होता, त्यामुळे तिच्या धानाला फुटव्यांचा आणि पोटरीचा असा दोन्ही वेळचा युरिया द्यायचा बाकी होता.

"मंग मी युरिया नाई टाकू का, सुदाम? नुसती बाटलीच?"

"नुसती बाटलीच, मावशी. मी सांगून राहिलो न."

"तू सांगतं तं झालं," ती म्हणाली आणि खाली बसली.

साहेबांनी माझ्याकडे बघून मान झुकवली. ती झुकलेली मान मला अजून आठवते आणि अजून माझं डोकं तापतं.

पुढे काय झालं ते मला शेवंताबाईनेच दाखवलं, नेहमीच्या पद्धतीने. धान पोटरीत आल्यावर काही दिवसांनी ती दुकानात आली, पदराची गाठ सोडली आणि एक पान काउंटरवर ठेवलं. खालचं पान, टोकाकडून मधल्या शिरेने आत पिवळं होत गेलेलं. धान भुकेलं असलं की असंच दिसतं. हे ओळखायला कृषी केंद्र लागत नाही. तिलाही माहीत होतं. तरी ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी तसाच तिच्यासोबत करडीला गेलो. तिने कसूर केली नव्हती. दोन्ही वेळा वारा पडल्यावर फवारलं होतं, पाणी नीट मोजून घेतलं होतं, पंप धुऊन घेतला होता. रान मात्र भुकेलं होतं. मग आम्ही रस्त्याकडे आलो, दशरथबाच्या बांधीशी. आणि तिथे मी थांबलो.

बांधी लोळली होती. युरिया जास्त झाला की धान उंच वाढतं, लुसलुशीत होतं आणि वारा आला की आडवं पडतं. त्यातच बुडाशी तुडतुडा ही कीड लागते, तीही लागली होती. पण ते आडवं पडणंसुद्धा सरसकट नव्हतं. जमिनीवर अर्धगोल उमटले होते, एकामागून एक, विळ्यासारखे. आणि चारही कोपऱ्यांतलं धान ताठ उभं, फिकट.

पंपाने फवारलं तर असं होत नाही. पंप कोपरा सोडत नाही. कोपरा सोडतो तो हात. माणूस बांधीतून चालत मूठ फिरवतो, आणि जिथे मूठ उघडते तिथे जास्त पडतं. हे अर्धगोल डावीकडून उघडत होते. करडीत डाव्या हाताने खत फेकणारा माणूस एकच आहे.

दशरथबा घरीच होता. मी अंगणातूनच सुरुवात केली. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "झालं का? बस अंदर."

"तू युरिया फेकला."

"हाव."

"कायले?"

"चार दिवस झाले फवारून, रंगच येऊन नाई राहिला. रस्त्यानं जानारा पोट्टाही इचारते, काहून गा बा, कंपनीनं पिवरं रंगवलं का? किती आयकू मी?"

"अन् युरिया आणला कुठून? गावात दाणा नव्हता."

त्याने मान खाली घातली. मिशीत हसला, हे मी शपथेवर सांगतो. "तुह्याच दुकानातून. माह्या जावयाच्या अंगठ्यावर."

युरिया आता मशीनवर अंगठा लावूनच मिळतो. त्याचा जावई आला होता, मीच अंगठा घेतला होता, मीच चुंगडी त्याच्या गाडीवर चढवायला हात लावला होता. इतका राग आला की मला बोलताच येईना. दशरथबाच्या बायकोने घाबरून पाणी आणलं. ती म्हणाली, "भाऊजी गप्प बसले, आता काही खरं नाई."

मग मी विचारलं, "साहेबाला फसवलंस, मलाही?"

"साहेबाले कुठं फसवलं? साहेबानं तं पायलं."

"काय पाहिलं?"

"सकाळीच आले होते. मी फेकून राहिलो होतो. मोटारसायकल उभी केली, माह्याकडं पायलं, टोपल्याकडं पायलं. मी म्हनलं, गेलं आता. तं म्हनते, काका, मी काही पाहिलं नाही. आनि आठ दिवसांनी फोटो काढाले आले."

म्हणजे दशरथबाने साहेबाला फसवायला घेतलं होतं, आणि साहेबाने फसण्यापेक्षा सोबत जाणं पत्करलं. हे सगळं ठाऊक असताना त्यांनी मांडवात माईक माझ्या हातात दिला. दशरथबा तिथेच पहिल्या रांगेत टोपी सावरत बसला होता. शेवंताबाई उठली, तिने विचारलं, आणि मी उत्तर दिलं. पूर्ण मांडवात खरं माहीत असलेली ती दोनच माणसं, आणि दोघंही गप्प.

मी साहेबांना फोन लावला. त्यांची बदली झाली होती, वरच्या जागेवर. करडीच्या फोटोंचा त्यात वाटा होता असं मला दुसऱ्या प्रतिनिधीने सांगितलं. साहेब अजूनही लोण्यासारखेच बोलत होते.

"भाऊ, प्लॉट शेतकऱ्याचा असतो. तो त्यात आणखी काय टाकतो यावर आमचं नियंत्रण नसतं."

"तुम्ही पाहिलं होतं."

"भाऊ, तुम्ही इतकी वर्षं धंद्यात आहात..."

मी त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. आता वाटतं, होऊ द्यायला हवं होतं. धंद्यात इतकी वर्षं असलेल्या माणसाने काय करायचं असतं, ते निदान कळलं असतं.

संध्याकाळी मी शेवंताबाईकडे गेलो. सगळं सांगितलं. दशरथबाचं सांगताना ती मधेच हसलीसुद्धा. "डावा हात लपत नाई त्याचा," म्हणाली. मला धीर आला. मग तिने विचारलं, "तुले हे माहीत होतं का सुदाम?"

"नाही मावशी. देवाशपथ."

"माहीत नोतं तं सांगतलं काहून?"

 मी उशिरा का होईना, युरियाची चुंगडी तिच्या धुऱ्यापर्यंत पोचवली. तिने ती बाजारभावाने घेतली, एक पैसा कमी दिला नाही. लोंब्या भरल्या, पण आखूड.

दशरथबाचं काही बिघडलं नाही. त्याचं धान लोळलं, तुडतुड्याने खाल्लं, पण तो मोहाडीत मोठा झाला. कंपनीने तोच फोटो मोठ्या फलकावर छापून माझ्या दुकानासमोर, टपरीच्या वर लावला. हिरव्यागार बांधीत टोपी घातलेला दशरथबा. बाजाराच्या दिवशी तो फलकाखाली चहा पितो, आणि कोणी बघतंय का ते बघतो. मी खुर्चीवरून विचारतो, "काहून गा दशरथबा, आज पिवरा दिसतं?" तो चहा टाकून निघून जातो. एवढंच सुख माझ्या वाट्याला आलं आहे.

नॅनोच्या बाटल्या अजून येतात. आता तर गावोगाव ड्रोनने फवारतात. लोक रोवणा सोडून आभाळाकडे बघत उभे राहतात. जावई म्हणतो, काही रानात फायदा दिसतो, काही रानात नाही. दिसत असेल. खरंच दिसत असेल तर मला आनंदच आहे. पण माझ्या तालुक्यात तो तपासायची एक संधी आली होती. रस्त्याकडची एक बांधी होती, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. ती खरी राहिली असती तर पिवळी राहो की हिरवी होवो, आम्हाला काहीतरी कळलं असतं. साहेबांनी नुसतं "काका, थांबा" म्हटलं असतं तर पुरे होतं. त्या बाटलीत दम आहे की नाही हे आज करडीला माहीत नाही, आणि साहेबांनाही नाही. ते मात्र त्यावर चढून वर गेले.

शेवंताबाई अजून आमच्याच दुकानात येते. दुसऱ्याची पायरी अजूनही चढत नाही. पण ती आता पान आणत नाही. हवं ते नाव सांगते. मी सवयीने खुर्चीवरून विचारतो, "मावशी, धान कसं आहे? खालचं पान..." ती जावयाकडे हात पुढे करते आणि मला म्हणते, "सांगू नको. दे फक्त."

निखिल साहेब, हे छापून येणारा दिवाळी अंक तुमच्याकडे पोचतो हे मला माहीत आहे, तुमच्याच कंपनीची जाहिरात असते त्यात. मला तुमची माफी नको, माझं काही अडलेलं नाही. तुम्ही करडीला या. मोटारसायकल तिथेच उभी करा जिथे त्या सकाळी केली होती. मी दशरथबाला धरून आणतो, तो येईल, फोटोची आशा दाखवली की येतो. शेवंताबाई धुऱ्यावर उभी राहील. तिच्याकडे बघून एवढंच सांगा, "मी पाहिलं होतं." आणि मग बाटलीबद्दल तिने मला विचारला तोच प्रश्न ती तुम्हाला विचारेल, माहीत नोतं तं सांगतलं काहून? त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुम्ही द्या.